ऑफिसच्या साइटवर लाल त्रिकोण: सर्टिफिकेटची वॉर्निंग आली की कुठून सुरुवात करायची

नाशिकच्या सातपूर आणि अंबड एमआयडीसीतले काही लहान कारखाने, दोन पतसंस्था आणि एक शाळा, एवढ्या ठिकाणचे संगणक मी सांभाळते. सकाळी साडेनऊ वाजले की फोन सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याच फोनची सुरुवात एकाच वाक्याने होते: "ताई, परत ते लाल आलंय." हजेरीची साइट असो, पगाराचं पोर्टल असो, वेबमेल असो, काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारं पान आज उघडत नाही आणि ब्राउझर म्हणतो की हे कनेक्शन सुरक्षित नाही. म्हणजे साइटच्या सर्टिफिकेटमध्ये, तिच्या ओळखपत्रात, त्याला काहीतरी खटकलेलं असतं. हीच तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की तपासण्याचा क्रम आता हाताला बसला आहे. तोच इथे लिहिते. फुकटातल्या आणि दोन मिनिटांच्या गोष्टी आधी येतील. पैसे, वेळ आणि सर्व्हरचा पासवर्ड लागणाऱ्या गोष्टी शेवटी.

लक्षणं

क्रोममध्ये लाल त्रिकोण आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. एजमध्ये जवळजवळ हेच शब्द. फायरफॉक्समध्ये ‘वॉर्निंग: पोटेन्शियल सिक्युरिटी रिस्क अहेड’. आयफोनवर किंवा मॅकवर सफारी म्हणते ‘धिस कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. मथळा सगळ्यांना पाठ असतो, पण कामाची ओळ असते मथळ्याखालची, बारीक करड्या अक्षरांतली. क्रोम-एजमध्ये त्या ओळीत एररचा कोड असतो आणि त्याच्या शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’, ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’, ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ किंवा ‘रिव्होक्ड’ असं काहीतरी असतं. फायरफॉक्समध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबल्यावर ‘एक्स्पायर्ड’, ‘अननोन इश्यूअर’, ‘सेल्फ साइन्ड’ असे शब्द दिसतात.

पत्त्याच्या डावीकडे नुसतं ‘नॉट सिक्युअर’ दिसतंय पण पान उघडतंय, तर तो वेगळा विषय. ती साइट साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलूप नसलेल्या जुन्या पद्धतीवर आहे, तिला सर्टिफिकेटच नाही. क्रोम जुलै २०१८ पासून अशा सगळ्या साइटना तसा शिक्का मारतो. अशा पानावर पासवर्ड टाकू नये हे खरं, पण पुढच्या तपासण्या तिथे लागू होत नाहीत.

या कोडमागे नेमकं काय असतं ते एकदा समजलं की निम्मं काम झालं. एसटीचा कंडक्टर विद्यार्थ्याचा पास हातात घेतो तेव्हा तीन गोष्टी बघतो: पास याच पोराचा आहे का, शिक्का खऱ्या आगाराचा आहे का, आणि मुदत उरली आहे का. ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट असंच बघतो. नाव जुळलं नाही तर ‘कॉमन नेम’, शिक्का ओळखीचा नाही तर ‘ऑथॉरिटी’, मुदत बसत नाही तर ‘डेट’. ‘रिव्होक्ड’ म्हणजे आगाराने स्वतःच तो पास रद्द केला आहे.

आधी कोडवर क्लिक करा

हे फार लोकांना माहीत नाही. क्रोम आणि एजमध्ये त्या करड्या कोडवर माउस नेऊन क्लिक केलं की खाली चार ओळी उघडतात: सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं, कोणी दिलेलं, कधी संपतं, आणि ‘करंट डेट’, म्हणजे तुमच्या संगणकाच्या मते आजची तारीख. या चार ओळींचा फोटो काढा. मला फोन येतो तेव्हा मी सगळ्यात आधी हाच मागते, कारण पुढची प्रत्येक तपासणी यातल्या कुठल्या ना कुठल्या ओळीवरून ठरते.

मग शेजारच्या टेबलावर विचारा. सगळ्यांकडे येतंय की तुमच्याकडेच? फक्त तुमच्याकडे असेल तर दोष तुमच्या मशीनमध्ये शोधायचा. सगळ्यांकडे एकाच साइटवर असेल तर त्या साइटमध्ये. सगळ्यांकडे सगळ्याच साइटवर असेल तर ऑफिसच्या नेटवर्कमध्ये. एवढ्या एका प्रश्नाने तासाभराची वणवण वाचते.

घड्याळ

कोड ‘डेट इनव्हॅलिड’ असेल, किंवा क्रोम सरळ ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ म्हणत असेल, तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. वेळ नव्हे, तारीख आणि वर्ष. वेळ बरोबर आहे म्हणून लोक पुढे जातात आणि वर्ष २०१५ असतं.

एका कारखान्यात हिशोब बघणाऱ्या वहिनींचा दर सुट्टीनंतर फोन यायचा. मी जायचे, तारीख दुरुस्त करायचे, साइट उघडायची, पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. मजा म्हणजे शेजारच्या टेबलावरचं त्याच वयाचं, त्याच कंपनीचं मशीन ठणठणीत होतं. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम संध्याकाळी थांबले. वहिनी निघताना संगणक शटडाउन करायच्या आणि मग भिंतीवरचं बटणही बंद करायच्या. शॉर्टसर्किटच्या भीतीने. शेजारचे काका नुसतं शटडाउन करून जायचे. भिंतीतून वीज येत असते तोवर बंद संगणकाचं घड्याळ त्या विजेवर चालतं. बटण बंद केलं की मदरबोर्डवरच्या गोल सेलवर. तो सेल संपलेला असला की घड्याळ थांबतं आणि सकाळी मशीन कारखान्यातून निघालं त्या काळातली तारीख सांगत उठतं. वहिनींची सवय चांगलीच होती, सेल मेलेला होता.

हा सेल सीआर २०३२ नावाचा. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो आणि एका चहापाण्याच्या खर्चात बसतो. डेस्कटॉपमध्ये तो स्वतः बदलता येतो. मशीन बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग आत जा. सेलच्या कडेला छोटी पत्र्याची पट्टी असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर.

एक काळजी आवर्जून घ्या. सेल काढण्याआधी बायोसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूलभूत सॉफ्टवेअरच्या) सेटिंगच्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. सेल निघाला की ती सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. हार्डडिस्कची सेटिंग बदलून विंडोज सुरूच होत नाही, असं मी पाहिलं आहे, आणि तेव्हा तारखेच्या दुरुस्तीचं काम संध्याकाळपर्यंत लांबतं. मशीनला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की हातात असल्याशिवाय कॅबिनेट उघडू नका. लॅपटॉप असेल तर इथेच थांबा. त्याचं घड्याळ कधी वेगळ्या सेलवर, कधी मुख्य बॅटरीवर चालतं आणि ते उघडणं दुरुस्तीवाल्याचं काम.

तारीख दुरुस्त करतानाही एक खाच आहे. विंडोज इंटरनेटवरून वेळ घेतं हे बरोबर, पण कंपनीच्या विंडोज डोमेनला (सगळी मशीन सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरला) न जोडलेल्या मशीनमध्ये घड्याळ १५ तासांपेक्षा जास्त चुकलेलं असेल तर ते आपणहून दुरुस्त करत नाही. म्हणून आधी तारीख-वेळ हाताने साधारण जुळवा आणि मग ‘सिंक नाऊ’ दाबा. टाइम झोनही बघा, तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक ५:३० हवा. नव्याने विंडोज टाकलेल्या मशीनवर झोन ‘पॅसिफिक’ राहून जातो आणि कोणीतरी काटे हाताने फिरवून भारतीय वेळ लावून टाकतं. दिसायला घड्याळ बरोबर, पण सर्टिफिकेटची मुदत यूटीसीत मोजली जाते आणि आतला हिशोब बारा-तेरा तासांनी पुढे गेलेला असतो.

पत्ता

कोड ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर घड्याळाला हात लावू नका, पत्त्याची पट्टी वाचा. अक्षर न् अक्षर वाचा. बहुतेक वेळा दोष जुन्या बुकमार्कमध्ये असतो. साइट नव्या नावावर गेलेली असते आणि बुकमार्क जुन्याला चिकटलेला. कधी नावाऐवजी १९२.१६८ ने सुरू होणारा आकड्यांचा पत्ता असतो, आणि सर्टिफिकेट नावाचं असतं, आकड्यांचं नसतं.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे नावाच्या सुरुवातीला चांदणी (*) असलेलं सर्टिफिकेट, ज्याला वाइल्डकार्ड म्हणतात. ते एकाच पायरीपुरतं चालतं. कंपनीच्या साइटच्या नावाआधी ‘एचआर’ जोडलं तर चालेल, ‘एचआर डॉट नाशिक’ अशा दोन पायऱ्या जोडल्या तर नाही. आणि क्रोमने एप्रिल २०१७ च्या ५८ व्या आवृत्तीपासून नाव बघण्याची जागाच बदलली. सर्टिफिकेटमधला जुना ‘कॉमन नेम’ रकाना तो आता बघत नाही, पर्यायी नावांची वेगळी यादी बघतो. ऑफिसात कोणीतरी फार पूर्वी हाताने बनवलेल्या सर्टिफिकेटमध्ये ती यादी नसते, म्हणून नाव तंतोतंत बरोबर असूनही वॉर्निंग येते.

पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे दिसलं, एखादी आडवी रेघ जास्त दिसली, आणि ती लिंक मेलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली असेल, तर पान बंद करा. ते दुरुस्त करायचं नसतं.

मोबाइल डेटावर बघा

फोनचं वायफाय बंद करून तीच साइट मोबाइल डेटावर उघडा. इथे उघडली आणि ऑफिसच्या वायफायवर अडकली, तर मधलं नेटवर्क काहीतरी करतंय. हॉटेलात, विमानतळावर, काही ऑफिसच्या पाहुण्यांच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान भरावं लागतं आणि ते भरेपर्यंत नेटवर्क प्रत्येक साइटच्या मध्ये स्वतःचं पान घुसवायला बघतं. ब्राउझर ते बरोबर पकडतो. लॉगिन करा, वॉर्निंग जाते. पूर्णपणे कंपनीच्या आत चालणारी साइट मोबाइल डेटावर उघडणारच नाही, तेव्हा तिच्यासाठी ही तपासणी सोडून द्या.

इथेच एक सांगते. "कॅशे क्लिअर करा, कुकीज उडवा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. सर्टिफिकेट नवं कनेक्शन जोडताना साइटकडून येतं, कॅशेमधून, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या प्रतींमधून नाही. त्यामुळे या दुखण्यावर तो उपाय लागू पडताना मी क्वचितच पाहिला आहे. उलट कुकीज उडाल्याने लोक बाकीच्या दहा ठिकाणांहून लॉगआउट होतात आणि पासवर्ड विसरल्याचे फोन सुरू होतात. खाजगी विंडोत एकदा उघडून बघा, तेवढं पुरे.

अँटिव्हायरस आणि फायरवॉल

‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ किंवा ‘अननोन इश्यूअर’ असेल तर त्या चार ओळींतली ‘इश्यूअर’ची ओळ वाचा. शिक्का मारणाऱ्याचं नाव तिथे असतं. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं, फायरवॉलचं (ऑफिसच्या नेटच्या दारावर बसवलेल्या राखणदार यंत्राचं) किंवा तुमच्या कंपनीचंच नाव दिसलं तर काय चाललंय ते कळलं. ही यंत्रं सुरक्षित पानांच्या आत डोकावण्यासाठी साइटचं खरं सर्टिफिकेट बाजूला ठेवून स्वतःच्या शिक्क्याचं नवं सर्टिफिकेट तुमच्यापुढे धरतात. तो शिक्का तुमच्या संगणकाच्या ओळखीच्या यादीत असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. नसेल तर लाल पान.

शाळेत नवी फायरवॉल बसली त्या दिवशी असंच झालं. कॉम्प्युटर लॅबमधली सगळी मशीन लाल. बसवणारा मुलगा मुलांना सांगून गेला होता, "अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, प्रोसीड दाबा." मी पोहोचले तोवर सातवीची पोरं डोळे मिटून ती दोन बटणं दाबत होती. मला त्याचं फार वाईट वाटलं. वॉर्निंग म्हणजे अडथळा, तो ओलांडायचा, हे त्यांच्या बोटांना एका सकाळीत शिकवलं गेलं. फायरवॉलचं मूळ सर्टिफिकेट, म्हणजे जो ओळखीचा असला की तिने दिलेली बाकी सर्टिफिकेटं खरी मानली जातात तो मुळाचा शिक्का, ग्रुप पॉलिसीतून (विंडोज मशीनना एका जागेवरून सेटिंग देण्याच्या सोयीतून) सगळ्या मशीनवर एकदम टाकायला मला पाऊण तास लागला. ते काम आधी व्हायला हवं होतं.

फायरफॉक्स वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याची शिक्क्यांची यादी विंडोजपेक्षा वेगळी असते. नोव्हेंबर २०२३ मधल्या १२० व्या आवृत्तीपासून तो विंडोजमध्ये मुद्दाम टाकलेली मूळ सर्टिफिकेटंही आपणहून मानतो. त्याआधीचा फायरफॉक्स असेल आणि क्रोमवर साइट चालून फायरफॉक्सवर अडकत असेल, तर कारण बहुधा हेच.

अँटिव्हायरसवर संशय असेल तर त्याचं ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’, म्हणजे सुरक्षित पानांत डोकावण्याचं काम, दोन मिनिटांसाठी बंद करून बघा. वॉर्निंग गेली तर अँटिव्हायरस अपडेट करा किंवा काढून पुन्हा टाका. स्कॅनिंग कायमचं बंद ठेवायचं की नाही हे ऑफिसच्या जबाबदार माणसाने ठरवावं.

मूळ सर्टिफिकेट स्वतःच्या हाताने कधीही टाकू नका, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं म्हणून तर नाहीच. त्याची गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल तो तुमच्या संगणकापुढे कुठल्याही बँकेचं सोंग घेऊन उभा राहू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये आधीच भरून आलेलं ‘सुपरफिश’ नावाचं सॉफ्टवेअर उघडकीला आलं. त्याने स्वतःचं मूळ सर्टिफिकेट टाकलं होतं आणि सगळ्या लॅपटॉपमध्ये किल्ली एकच होती. ती किल्ली बाहेर आली आणि लिनोव्होला ते सॉफ्टवेअर काढून टाकण्याचं साधन द्यावं लागलं.

जुनं मशीन

पतसंस्थेच्या काउंटरवर विंडोज ७ चं एक मशीन होतं. छपाई उत्तम करायचं म्हणून कोणी बदलायला तयार नव्हतं. एके दिवशी बऱ्याच साइट त्याच्यावर लाल झाल्या, बाकीच्या मशीनवर मात्र हिरवळ. कारण जुनं होतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगातल्या असंख्य साइटना फुकट सर्टिफिकेट देते. तिच्या साखळीच्या मुळाशी असलेलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नवं मूळ ज्यांच्या यादीत होतं त्यांना काही जाणवलं नाही. अपडेट बंद असलेली मशीन मात्र अडकली. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्येही ते नवं मूळ नाही.

विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्याच्यावर चालणारा शेवटचा क्रोम १०९ वा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. अशा मशीनवर एकेक मूळ सर्टिफिकेट हाताने टाकून दिवस ढकलता येतात, पण मी आता ते काम घेत नाही. पैशांचा व्यवहार होणाऱ्या काउंटरवर तर नाहीच. ते मशीन छपाईपुरतं ठेवा, नेट काढा, आणि साइटसाठी दुसरं घ्या.

स्वतःच्या घरातली वॉर्निंग

काही ठिकाणी ही वॉर्निंग येणं अपेक्षितच असतं. प्रिंटरचं सेटिंगचं पान, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बोटाच्या ठशाचं हजेरीचं यंत्र, राउटर. ही यंत्रं स्वतःच स्वतःच्या पासवर शिक्का मारतात. आकड्यांचा पत्ता तुम्ही स्वतः टाइप केला आहे, तो यंत्राच्या पाठीवरच्या किंवा राउटरच्या यादीतल्या पत्त्याशी जुळतो आणि तुम्ही ऑफिसच्याच वायरवर आहात, एवढं खरं असेल तर पुढे जायला हरकत नाही.

जीएसटी भरणाऱ्या सगळ्यांना भेटणारा एक प्रकार याच जातीचा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून रिटर्नवर सही करायला एमसायनर नावाचं छोटं सॉफ्टवेअर लागतं. ते तुमच्याच संगणकावर एक लहानसा सर्व्हर चालवतं आणि पोर्टल त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या एका ठरावीक दारावर) बोलतं. ब्राउझरला त्याचा शिक्का ओळखीचा नसला की सही होत नाही, म्हणून तो पत्ता उघडून एकदा ‘प्रोसीड’ करायला सांगतात. १२७.०.०.१ म्हणजे तुमचं स्वतःचं मशीन. माहिती बाहेर जात नाही, त्यामुळे तिथे ते चालतं. पण वॉर्निंगच्या पानावर पत्ता खरोखर १२७.०.०.१ आहे हे वाचा. जीएसटीच्या किंवा बँकेच्या स्वतःच्या पत्त्यावर लाल आलं तर हीच सवलत देऊ नका.

सरकारी नाव दिसलं की आपण निर्धास्त होतो, म्हणून हेही सांगते. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. ती रद्द झाली आणि गूगलने क्रोमचा भारताच्या सीसीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी नियामकाच्या) मूळ सर्टिफिकेटवरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनपुरता आणला. शिक्का कोणाचाही असो, ब्राउझर तपासतो ते याच कारणासाठी.

साइट तुमचीच असेल तर

इथून पुढचं सर्व्हरवर हात असलेल्यांसाठी. तसे अधिकार नसतील तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

सगळ्यांच्या मशीनवर ‘डेट इनव्हॅलिड’ येत असेल आणि सगळ्यांची घड्याळं बरोबर असतील तर सर्टिफिकेट संपलंय. यात कमीपणा वाटून घेऊ नका. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टचं टीम्स याच कारणाने काही तास बंद होतं. आपोआप नूतनीकरण लावलंय तरी संपलं, असं झालं असेल तर दोन गोष्टी बघा. एक, नव्या फायरवॉलने ८० क्रमांकाचा पोर्ट बंद केलाय का. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी त्याच पोर्टवरून येते, आणि "एचटीटीपीएस आहे, मग ८० कशाला" म्हणून तो बंद केला जातो. दोन, डिस्कवर नवं सर्टिफिकेट येऊन बसलंय पण वेब सर्व्हर रीलोड झालेला नाही, त्यामुळे तो स्मरणातलं जुनंच वाटतोय. हे मला इतक्यांदा सापडलंय की मी आता डिस्कवरची फाइल बघतच नाही. ब्राउझरमधून येणारं सर्टिफिकेट बघते.

संगणकावर उघडतं, काही फोनवर उघडत नाही, असं असेल तर मधली कडी गहाळ आहे. साइटचं सर्टिफिकेट मुळाने थेट दिलेलं नसतं, मधल्या एका संस्थेमार्फत येतं, आणि त्या मधल्या सर्टिफिकेटची प्रत सर्व्हरने सोबत द्यायची असते. डेस्कटॉपवरचा ब्राउझर बहुतेक वेळा ती कडी स्वतः शोधून आणतो, म्हणून बसवणाऱ्याच्या मशीनवर सगळं छान दिसतं. पूर्ण साखळीची फाइल लावा. एसएसएल लॅब्स या साइटवरची फुकट चाचणी ही चूक लगेच दाखवते.

तारखांची वही ठेवायची वेळ आली आहे. सप्टेंबर २०२० पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस ठरली, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. वर्षातून एकदा आठवणीने बदलण्याचं काम आता हाताने जमणारं नाही. लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून मुदत संपत आल्याचे मेल पाठवणंही बंद केलं, तेव्हा त्या मेलची वाट बघू नका. सर्व्हरचं घड्याळही विसरू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ते एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेलं असावं.

आतल्या नावांना, म्हणजे नुसतं ‘पेरोल’ किंवा ‘सर्व्हर-१’, बाहेरची कुठलीही संस्था सर्टिफिकेट देत नाही. ते नोव्हेंबर २०१५ पासून बंद आहे. एकतर खऱ्या डोमेनखालचं नाव घ्या किंवा कंपनीची स्वतःची सर्टिफिकेट यंत्रणा उभी करा. दुसरा मार्ग जाणकाराशिवाय धरू नका. त्या मुळाची किल्ली नीट सांभाळली नाही तर सुपरफिशचीच गोष्ट तुमच्या ऑफिसात घडेल.

कुठे थांबायचं

बँक, पगार, पीएफ, जीएसटी, ऑफिसचा मेल, यांच्या खऱ्या पत्त्यावर वॉर्निंग आली आणि घड्याळ बरोबर आहे, तर थांबा. पुढे जायचं बटणच दिसत नसेल तरी थांबा. त्या साइटने ब्राउझरला सांगून ठेवलेलं असतं की माझ्याबाबतीत सवलत देऊ नकोस, आणि ती आडवाट शोधायची नसते. ‘रिव्होक्ड’ दिसलं तर थांबा. ‘इश्यूअर’च्या ओळीत तुम्ही कधी न ऐकलेलं नाव असेल आणि ते सगळ्या साइटवर तेच असेल, तर नेटची वायर काढा आणि आयटीला बोलवा. मशीनमध्ये किंवा राउटरमध्ये कोणीतरी घुसलेलं असू शकतं.

आणि समजा वॉर्निंग ओलांडून पासवर्ड टाकून झाला असेल, तर लपवू नका. माझ्याकडे लोक दोन दिवसांनी घाबरत सांगतात आणि मौल्यवान असतात ते पहिले काही तास. दुसऱ्या मशीनवरून, दुसऱ्या नेटवरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आयटीला कळवा. बँकेचा असेल तर आधी बँकेला फोन. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ऑफिसातल्या मोठ्यांनी अशा माणसावर ओरडू नये. पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

आयटीवाल्याला फोन करण्याआधी फोटो काढून ठेवा. त्यात वरची पत्त्याची पट्टी, कोडखालच्या चार ओळी आणि उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ हे तिन्ही यायला हवं. सोबत दोन ओळी लिहा: अजून कोणाकडे येतंय, आणि मोबाइल डेटावर काय झालं.